डावीकडचं

दशरथनं चारही प्लग काढून पत्र्यावर ठेवले, पुलीच्या नटाला पाना लावला आणि इंजिन हातानं फिरवायला घेतलं. पाना सहज वळला, प्लगच्या भोकांतून गढूळ पाण्याची चिळकांडी उडाली, आणि मग पाना अडला. त्यानं उलटा फिरवून पाहिला, पुन्हा सुलटा फिरवला. तो पुन्हा त्याच जागी अडला.

"गेलं," दशरथ म्हणाला.

सखारामनं मोठा श्वास सोडला. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला तो उसासा वाटला असेल, पण खरं सांगायचं तर सखारामला सुटल्यासारखं झालं होतं. गाडी गेली एकदाची. आता कुणी काही विचारणार नाही.

"गेलं म्हणजे काय?" मिलिंदनं विचारलं.

"म्हंजे आतला रॉड वाकलाय. पाणी भरलेलं असताना कुणीतरी स्टार्टर मारलाय."

"शक्यच नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी स्टेअरिंगला फडकं बांधलंय. बघा ना, अजून तसंच आहे."

फडकं होतंच, लाल, चिखलानं वाळून कडक झालेलं. सखारामची सगळी नोकरी कर्जतच्या बँकर इंजिनांवर गेली होती. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी ती इंजिनं. एखादा माणूस इंजिनाखाली कामाला शिरला की वर हँडलला लाल फडकं बांधून जायचा. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं, तोवर साहेबानंसुद्धा हात लावायचा नाही. जुलैत उल्हास नदी भिसेगावच्या गल्लीत शिरली, त्यांची गाडी काचांपर्यंत पाण्यात गेली, आणि पाणी जरा उतरल्याबरोबर सखाराम चिखल तुडवत गाडीपाशी गेला आणि फडकं बांधून आला. तेवढ्यावर थांबेल तर तो सखाराम कसला. त्यानं गल्लीत घरोघर जाऊन सगळ्यांना दम भरला, की बुडालेल्या गाडीची किल्ली कुणी फिरवायची नाही, फिरवली की इंजिन मेलं म्हणून समजा. खालापूरला दशरथच्या गॅरेजात गाडी ओढून आणल्यावरही ते फडकं कुणी सोडलं नव्हतं. दादा येतील आणि सोडतील, असं म्हणून दशरथ त्याच्या अवतीभवतीनं काम करत राहिला होता.

"किल्ली फिरवायला फडकं कशाला सोडाय लागतंय?" दशरथ म्हणाला.

विमा कंपनीचा सर्व्हेअर इतका वेळ मोबाइलवर फोटो काढत होता. त्यानं आता मोबाइल खाली घेतला.

"पाण्यात उभी गाडी खराब झाली तर काही प्रश्न नाही. पण पाणी भरलेलं असताना चालू करायला गेलात, तर इंजिनाचं काम कंपनी देत नाही. कुणी केली होती का चालू?"

पलीकडे हायवेवरून ट्रक जात होते. मनाली, मिलिंदची बायको, जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या सरकारी कचेरीतून आली होती आणि डॅशबोर्डवरची लहानशी बुद्धमूर्ती रुमालानं पुसत होती. तिचा हात थांबला.

"नाही," मिलिंद ठामपणे म्हणाला.

"मी केली," सखाराम म्हणाला.

मिलिंद वळून त्याच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही? बाबा, तुम्ही स्वतः सगळ्या गल्लीला सांगत होतात."

"सवय रं. सकाळी उठलो, गाडीत बसलो, हात गेला किल्लीवर."

हे धादांत खोटं होतं. सखारामनं किल्लीला हातही लावला नव्हता. कुणी लावला तेही त्याला ठाऊक नव्हतं. पुराच्या धांदलीत किल्ली गाडीलाच राहिली होती, गल्लीतल्या पोरांचा उद्योग असेल. पण कुणाचा का असेना, त्याचं भलं होवो, असंच त्याला वाटत होतं. कंपनी इंजिन देणार नाही, मग मिलिंद गाडी भंगारात काढेल, आणि सखारामला जे तोंडानं सांगता येत नव्हतं ते सांगायची वेळच येणार नाही.

सांगायचं होतं ते एवढंच, की त्याला डाव्या बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं स्वच्छ दिसायचं, उजवीकडचंही दिसायचं, पण डावीकडे कुणीतरी पडदा ओढून घेतल्यासारखं झालं होतं. विहारात डाव्या हाताला बसलेल्या माणसानं पाण्याचा पेला पुढे केला तर तो हवेतच राहायचा. होळीच्या सुमाराला पळसदरीच्या पुढच्या वळणावर गवताचा भारा घेतलेली बाई रस्त्याच्या डाव्या कडेनं चालली होती, ती त्याला दिसली ती थेट मागच्या आरशात. त्याच वेळी मनालीनं चप्पल कशाततरी अडकली म्हणून गाडी हळू करायला लावली होती, नाहीतर काय झालं असतं या विचारानं तो त्या दिवशी जेवला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी त्यानं गाडी काढलीच. मिलिंद पहाटेच ठाण्याला कामावर जायचा. मनालीची कचेरी खालापूरला. बसनं जायचं तर खोपोलीला बदलावी लागायची, आणि पावसाळ्यात बसचा काही भरवसा नाही. लग्न झालं तेव्हाच सखाराम मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, "सुनेला मी नेत-आणत जाईन. इंजिनं चालवलीत, ही काय चीज हाय." नोकरीभर डोळ्यांच्या तपासणीत तो कधी नापास झाला नव्हता. त्याचं एवढंच एक भांडवल होतं, आणि ते संपलंय हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे जीव जड होत होता. म्हणून तो रोज गाडी काढत होता, रोज मनात घाबरत होता, आणि शेजारी दुसऱ्याची लेक बसली आहे हे आठवून आणखी घाबरत होता.

तेव्हा गाडी मेली हे फार बरं झालं. वाईट एवढंच, की त्यानं आपल्या मुलाला ओळखलं नव्हतं.

मिलिंद रागावला असता तर परवडलं असतं. तो मऊ झाला. घरी आल्यावर वडिलांशी हळू आणि सावकाश बोलायला लागला, लहान मुलाशी बोलावं तसं. "बाबा, आज वार कोणता?" "बाबा, गॅस बंद केलात ना?" एकदा तर त्यानं सखारामला विचारलं की परवा घरी कोण आलं होतं. सखारामनं पाहुण्यांची नावं सांगितली, ते काय काय खाऊन गेले तेही सांगितलं, वर "मला वेड नाय लागलं अजून" असंही सुनावलं. मिलिंद हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. सखाराम वरमला. आपण पोराच्या जिवाला नसता घोर लावलाय, हे त्याला कळत होतं.

आणि मग एका संध्याकाळी मिलिंद म्हणाला, "कंपनी देत नाही तर न देवो. मी दशरथला सांगून आलोय, इंजिन खोलून करूनच टाका."

"कशाला उगाच? जुनी गाडी ती."

"गाडीशिवाय तुमचं कसं होणार? घरात बसून बसून माणूस विसरायला लागतं, डॉक्टरही तेच म्हणतात. आणि हिचे हाल बघताय ना."

"माझे काही हाल नाहीत," मनाली आतून म्हणाली. "मला बस जमते."

"ही कधी तक्रार करणार आहे?" मिलिंद वडिलांना म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

त्यानंतर सखारामला चैन पडेना. तो सकाळी मनालीबरोबर बसनं खालापूरला जाऊन गॅरेजात ठाण मांडू लागला. दशरथनं सीटा काढून उन्हाच्या आशेवर बाहेर मांडल्या, खालचा गालिचा उचलला, दारांच्या पोटातला गाळ पाण्याच्या फवाऱ्यानं काढला, वायरींचा एकेक जोड उघडून पुसला. सखाराम मागे हात बांधून बघत राहायचा आणि खोड काढायचा. ह्या वायरी आज ना उद्या कुजणार. हा वास काही जात नाही. गिअरमध्येपण पाणी गेलं असेल, ते बघितलंस का? दशरथ ते बघायचा, आणि तेही ठीक करून ठेवायचा. पोरगा हाताचा चांगला होता, हीच पंचाईत होती.

"दादा, एक इचारू?" दशरथ एक दिवस वैतागून म्हणाला. "तुमी गाडी नीट करायला येताय का मोडीत काढायला?"

चहा घ्यायला म्हणून सखाराम हायवेच्या बाजूला गेला आणि बराच वेळ तिकडेच उभा राहिला. डावीकडून येणारी गाडी आधी ऐकू यायची आणि मग एकदम समोर दिसायची. त्यानं मान वळवून बघायचा सराव करून पाहिला. सारखी मान वळवली तर समोरचं सुटत होतं. आपण मेलो तर मेलो, त्याला वाटलं, सत्तरी आली. पण मनालीला काही झालं, नाहीतर रस्त्यावरच्या कुणाला झालं, तर पोराला तोंड कसं दाखवणार?

आज सांगू, उद्या सांगू करता करता श्रावण संपला. एका रविवारी दशरथचा फोन आला, आणि तिघं मिळून गाडी आणायला गेले.

गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. दशरथनं बॉनेट उघडंच ठेवून सखारामला जवळ बोलावलं. इंजिन असं एकसारखं चाललं होतं की सखारामला, नको असूनही, बरं वाटलं. कुठलंही इंजिन बरं झालेलं बघून त्याला बरं वाटायचं, त्याला इलाज नव्हता.

"घ्या बाबा," मिलिंदनं मागचं दार उघडत म्हटलं. "तुमची गाडी. मी आज साहेबासारखा मागे बसतो."

त्याचा चेहरा इतका खुलला होता की सखारामच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. तो उजवीकडे बसला. मनाली नेहमीसारखी त्याच्या डावीकडे बसली आणि तिनं पट्टा लावला. तिची बोटं पट्ट्यावर घट्ट होती.

खोपोली मागे पडेपर्यंत रस्ता रुंद होता. तिथून कर्जतचा रस्ता अरुंद झाला, दोन्ही बाजूंना भाताची खाचरं लागली, आणि मनाली बोलायला लागली.

"बाबा, त्या शेळ्या बघा, पिल्लू किती लहान आहे." सखारामनं गाडी हळू केली. शेळ्या मागे गेल्या. "बाबा, त्या दुकानासमोर किती गाड्या लावल्यात बघा." "अगंबाई, त्या आजी छत्री न घेताच चालल्यात."

मागून मिलिंद हसला. "बाबा, हिला गाडीत होतं तरी काय? घरी दहा वेळा विचारलं तर एकदा उत्तर देते, आणि इथं रस्त्यातल्या शेळ्यासुद्धा सोडत नाही. रोज असंच चालतं का?"

"रोज," सखारामही हसत म्हणाला. "तोंडाला दम नाय हिच्या."

तो हसला, आणि त्याचं हसू तिथेच अर्धवट राहिलं. शेळ्या डावीकडे होत्या. गाड्या डावीकडे होत्या. आजी डावीकडे होत्या.

त्यानं मागचं आठवायला घेतलं. घरी येताना उजव्या हाताला डोंगर होता, रेल्वेचा रूळ होता, पावसात चार धबधबे कोसळायचे. इतक्या दिवसांत मनालीनं त्याला एक धबधबा दाखवला नव्हता. शाळेची पोरं दाखवली, म्हशी दाखवल्या, सायकली दाखवल्या, कडेला पडलेला खडीचा ढीगसुद्धा कौतुकानं दाखवला. आणि होळीच्या दिवसांतली ती चप्पल. सुनेला गाडीत बोलायला आवडतं, आपल्याशी ती मोकळी आहे, या समजुतीवर तो मनातल्या मनात किती खूश होता.

इंजिनावर दोन माणसं असत. समोरचा सिग्नल असिस्टंटनं मोठ्यानं पुकारायचा, आणि ड्रायव्हरनं तोच शब्द परत म्हणायचा. परत म्हटला म्हणजे ड्रायव्हरला दिसलं. नाही म्हटला तर असिस्टंट पुन्हा पुकारायचा, तिसऱ्यांदाही पुकारायचा. रिकामं इंजिन घेऊन घाट उतरताना सखारामनं आयुष्यभर ते केलं होतं, आणि शेजारी बसून कुणीतरी कधीपासून पुकारतंय हे त्याला आज ऐकू आलं. त्यानं एकदाही परत म्हटलं नव्हतं.

मग किल्लीचंही त्याला कळलं. बुडालेल्या गाडीची किल्ली फिरवली की इंजिन मेलं, हे त्यानंच गल्लीभर सांगितलं होतं. घरात मनालीसमोर तर चारदा सांगितलं होतं. त्याच्या कानशिलांवर ऊन लागल्यासारखं झालं. लाज होती ती, आणि लाजेच्या मागोमाग असं काहीतरी दाटून आलं की त्याला रस्ता पुसट दिसू लागला. त्यानं डोळे मिचकावले आणि गाडी आणखी हळू केली.

"बाबा, ते बघा सायकलवर दोघं जण, मागच्यानं केवढा भोपळा धरलाय."

"सायकल, डावीकडं," सखाराम म्हणाला. कामावरच्या जुन्या आवाजात, सपाट आणि स्पष्ट.

मनालीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. सायकल मागे गेली. मग ती बोलली, आणि या वेळी तिनं कौतुकाचं काही जोडलं नाही.

"पुढे टेंपो उभा आहे."

"टेंपो उभा."

"त्याच्या पुढे माणूस उतरतोय."

"माणूस उतरतोय."

त्यानं टेंपोला लांबून वळसा घातला, माणसाला जाऊ दिलं, आणि पुढे पळसदरीच्या अलीकडे रस्ता जिथे रुंद होतो तिथे गाडी कडेला घेऊन बंद केली.

"काय झालं? आवाज येतोय का?" मिलिंद मागून पुढे झुकला.

"आवाज नाय. गाडी चांगली हाय." सखारामचे हात अजून स्टेअरिंगवरच होते. "मिलिंद, मला डावीकडचं दिसत नाय."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हंजे दिसतच नाय. होळीपास्नं."

"दिवाळीच्या आधीपासून, बाबा," मनाली हळूच म्हणाली.

सखारामनं मान वळवली, अगदी पुरती, तिचा चेहरा दिसेपर्यंत. ती समोर रस्त्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"तुला माहीत होतं?" मिलिंदचा आवाज चढला. "माहीत होतं आणि तू रोज ह्यांच्या शेजारी बसत होतीस?"

"मी बसले नसते तर बाबा एकटे आले असते. मला बसस्टँडवरून आणायला, विहारात जायला, कशाला ना कशाला. मग शेजारी कोण असतं?"

"मला सांगायचं ना."

"तुम्ही त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. बाबांनी स्वतः सांगावं असं मला वाटत होतं. मी वाट बघत होते." ती थांबली. "मग पूर आला. आणि ती किल्ली, म्हणजे तेव्हा मीच ती..."

"किल्ली मी फिरवली," सखाराम मध्येच म्हणाला.

"बाबा, तसं नाही."

"सर्व्हेअरसमोर बोललोय मी. आता पलटी मारणार नाय."

मिलिंद एकदा बापाकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. त्याला किती कळलं आणि किती नाही, ते त्यानं बोलून दाखवलं नाही. काही वेळानं तो उतरला, पुढचं दार उघडून उभा राहिला आणि म्हणाला, "उतरा बाबा. मी चालवतो."

सखाराम उतरला. बाहेर भाताचा ओला वास येत होता. मागच्या सीटवर बसल्यावर पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. आपल्याच गाडीत तो पहिल्यांदा मागे बसला होता, आणि आता कायमचंच मागे बसायचं होतं. पुढे मिलिंद आरसा आपल्या उंचीला लावत होता.

गाडी निघाली. पळसदरी गेलं. मनाली आता काही बोलत नव्हती.

"उद्या मी अर्धी रजा टाकते," शेवटी मनाली मागे न बघता म्हणाली. "डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून येऊ. बसनं जाऊ दोघं."

"बसनं नको," सखाराम म्हणाला. "इतके दिवस तुझ्याबरोबर बसनं येतोय, एक शब्द बोलत नाहीस तू."

"बसच्या ड्रायव्हरला दिसतं, बाबा," मनाली म्हणाली.